एक तार खाली

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
रविवार, २२ जून

ट्रॉय,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत.

फोनवर माझा आवाज पोचत नाही, हे तुला माहीत आहे. गळ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं होत आली, तरी समोरचा माणूस अजून हॅलो हॅलो करतो आणि नेटवर्क नाही असं समजून ठेवून देतो. मेसेज केला की तू अंगठा पाठवतोस. तुझ्या पप्पांना अर्धांगाचा झटका आला हे कळवलं तेव्हाही आधी अंगठाच आला होता. मग बहुधा नीट वाचलंस आणि घाईघाईने काढून टाकलास. मी पाहिला होता. म्हणून आता मस्कतला, तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर कागद पाठवतेय. कागदाला निदान अंगठा दाखवता येत नाही.

पप्पांना घरी आणलंय. डावी बाजू गेली होती, त्यातला पाय परत येतोय. काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात. बोलणं थोडं लोळतं, पण कळतं. हाताचं मात्र कठीण आहे. संचिता म्हणून एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. तिने बोटांनी दाबायला मऊ गोळा दिला होता. पप्पांनी तो खिडकीतून बाहेर टाकला. मम्मीने शोधून, धुऊन परत आणून दिला. त्यांनी परत टाकला. शेवटी संचिताने विचारलं, काका आधी काय करायचे? मम्मी म्हणाली, लग्नात गिटार वाजवायचे. मग काढा की ती खाली, संचिता म्हणाली.

मी हाटकेशच्या गाळ्यात आठवडाभर स्टीलच्या रॅकची बिलं करते आणि रविवारी स्टेशनवरून बस पकडून उत्तनला मम्मी-पप्पांकडे जाते. त्या रविवारी मी तिथेच होते. पप्पांचं पहिलं बोट वाकत नाही. करंगळी नुसती लटकते. मधली दोन बोटं तेवढी हलतात, तीही एकमेकांना चिकटून. त्या दोन बोटांनी बराच वेळ धडपडून त्यांनी ई मायनर धरला. वाजला. मग बोटं घसरून एक तार खाली आली, तेव्हा आणखी काहीतरी वाजलं. मी विचारलं, ही कुठली कॉर्ड? म्हणाले, ‘ए हाय. पण पुरी न्हाय.’

बस्स, तेवढंच. तिसऱ्या कॉर्डसाठी हात वळतच नाही. मी म्हटलं, दोन कॉर्डची गाणी असतात की. ‘हायत,’ ते म्हणाले, ‘पण ती गायची कोणी?’ आणि माझ्याकडे बघून लगेच मान फिरवली. गिटार पलंगावर तशीच आडवी राहिली. मग मी भांडी घासायला उठले.

एक निरोप आहे. जानेवारीत मम्मी-पप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. मम्मीने गावचा हॉल घेतलाय आणि ट्रॉय येऊन वाजवणार असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. तू येणार का, असं मी विचारत नाहीये. तिने विचारायला सांगितलंय म्हणून लिहिलं.

तुमच्या बँडमधल्या गायिकेबद्दलही मी काही विचारणार नाही. हॉटेलच्या फेसबुक पानावर फोटो येत असतात, तेवढे दिसतात.

ममता


रविवार, २० जुलै

ट्रॉय,

पत्र मिळालं असावं. त्यावर अंगठा आला नाही.

माझी पेटी तुला आठवत असेल. नवघरच्या आमच्या भजनी मंडळातली, माळ्यावर पडून होती. प्रिन्सने रिक्षात घालून उत्तनला नेली. पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीमुळे त्याची बोट किनाऱ्यावर ओढलेली आहे, त्यामुळे तुझा हा मावसभाऊ दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या ओटीवर बसलेला असतो. म्हटलं, ये तुझं ते मातीचं घुमट घेऊन, साथीला वाजव. तो म्हणाला, वहिनी, गाणं कोण म्हणणार? म्हटलं, कोणी नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं वाजवायला बसलो आणि थोड्या वेळात तिघंही कंटाळलो. पप्पांची पहिली कॉर्ड, मग दुसरी, परत पहिली. मी वर सुरांची नुसती गर्दी केली. गाता येत नाही ते सगळं बोटांतून काढत होते बहुतेक. प्रिन्स सुरुवातीपासून पूर्ण जोरात. मम्मी बाजूला सूप घेऊन सुकट निवडत होती. ती म्हणाली, ‘मला झोप येते.’ मुद्दाम टोचून नाही. खरंच तिला जांभई आली होती.

पप्पांनी गिटार ठेवली आणि म्हणाले, ‘तू बोलतेस, मी बोलतो, हा बोलतो. ऐकतंय कोण?’

दुसऱ्या रविवारी त्यांनीच सांगितलं की सगळ्यांनी एकदम सुरू करायचं नाही. आधी ते एकटे, तेही फक्त जाड तारेवर, तळवा टेकवून, दबका आवाज. मी नुसतं बसायचं. प्रिन्सने तर घुमटाला हातच लावायचा नाही. प्रिन्स म्हणाला, मग मी काय फोटो काढायला बसलोय का? पप्पा म्हणाले, ‘तू नाय वाजवत ते लोकांना दिसलं पाहिजे.’ तू त्यांच्याकडे शिकलास तेव्हा असं काही सांगायचे का? मला आठवत नाही. तेव्हा त्यांच्याकडे कॉर्डच इतक्या होत्या की ही वेळ आली नसेल.

मग हळूहळू कळायला लागलं. कॉर्ड बदलता येत नाही तर बाकीचं बदलायचं. एक फेरी जाड तारा, एक फेरी फक्त बारीक. उजवा हात गिटारच्या टोकाला, तारांच्या पुलाजवळ नेला की तीच कॉर्ड कडक होते, भोकाजवळ आणला की मऊ. मी तीन सुरांची एक ओळ धरली. तीच परत वाजवायची, शेवट तेवढा वेगळा करायचा. मग गप्प. तेवढ्या गप्प जागेत पप्पा दोन तारा छेडायचे, उत्तर दिल्यासारखे. गाताना मी कधी इतकी थांबले नव्हते. तू मागून खूण करायचास आणि मी पुढची ओळ उचलायचे. थांबणं म्हणजे काहीतरी चुकलं असं वाटायचं.

आणखी एक. पप्पांचा हात खाली सरकायला वेळ घेतो. आपण वाट बघतो, आता बदलेल, आणि तो बदलत नाही. मग उशिरा बदलतो. पहिल्यांदा आम्ही त्यांच्यासाठी थांबत होतो. आता त्या उशिराचीच मजा येते.

प्रिन्सने खूप वेळाने घुमटावर पहिली थाप मारली तेव्हा मम्मीचे हात थांबले. ती थोड्या वेळाने परत सुकट निवडायला लागली.

मी दमते, ट्रॉय. बस, गाळा, परत बस. गाळ्याच्या मालकीण हंसाबेन म्हणतात, ममता, तुम बोलो मत, लिखके दो. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण रविवारची ती दुपार मी सोडत नाही.

ममता


रविवार, २४ ऑगस्ट

ट्रॉय,

बोटी समुद्रात गेल्या. प्रिन्स आता कधी असतो, कधी नसतो. त्यामुळे पप्पा आणि मी दोघंच.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती वाजवणाऱ्यालाच कळेल. पप्पांची ती दुसरी, अपुरी कॉर्ड. मी घरी येऊन पेटीवर तिचे सूर शोधले. पांढरी तीनला सा धरला तर त्या कॉर्डमध्ये मध्यम आहे, पंचम आहे, सा आहे. धैवत नाहीच. कोमलही नाही, शुद्धही नाही. म्हणजे ती कॉर्ड उदास आहे की आनंदी, हे ठरवणारा सूर पप्पांच्या हातात नाही. तो मी लावायचा. मी कोमल धैवत लावला की अख्खी खोली खाली बसते. त्याच जागी, त्याच कॉर्डवर शुद्ध लावला की कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं. पप्पांचा हात दोन्ही वेळेस तिथेच असतो.

त्यांना वाजवून दाखवलं. त्यांनी दोन्ही ऐकलं आणि म्हणाले, ‘सारखं सारखं नको बदलू. साठवून ठेव.’ म्हणून मी आता बराच वेळ धैवताला हातच लावत नाही. मग फक्त कोमल. शुद्ध अगदी शेवटाकडे, एखादाच.

बाकी बरं आहे. मम्मीचा गुडघा दुखतो. सकाळी ती पप्पांच्या हाताचा व्यायाम करून घेते. मनगट धरायचं, अंगठ्याखाली दाबायचं, मूठ सैल झाली की एकेक बोट उघडायचं. संचिताने शिकवलं तसं, रोज. पप्पा शिव्या देतात, ती ऐकल्या न ऐकल्यासारखं करते.

आणि हे लिहू की नको असं चाललं होतं. मी दर रविवारी तुझा निरोप सांगते. दारातून आत पाय टाकायच्या आधीच मम्मी विचारते, ट्रॉयचा फोन आला? मी हो म्हणते. काय म्हणाला? पप्पांना वेळेवर गोळ्या द्यायला सांगितलंय. तुझा गुडघा कसा आहे विचारलंय. तिकडे खूप गरम आहे. असं काहीतरी बसमध्ये ठरवून घेते. एकदा तुला ताप आला होता असंही सांगितलं, म्हणजे आधीचे दोन रविवार मला काही सुचलं नव्हतं, ते आपोआप जुळलं. मम्मीने तुझ्यासाठी मेणबत्ती लावली.

तू त्यांना महिन्यातून एकदा मेसेज टाकतोस, ‘ऑल गुड?’ असा. मम्मीला तो वाचता येत नाही, पप्पा मोठ्याने वाचून दाखवत नाहीत.

मी हे किती दिवस करणार, मला माहीत नाही. जानेवारीचं तेवढं सांग.

ममता


रविवार, १४ डिसेंबर

ट्रॉय,

तुझा मेसेज मिळाला. सीझन आहे, सुट्टी नाही. आणि तुमच्या त्या गायिकेबद्दल, मिशेलबद्दल तू स्वतःहून लिहिलंस, ते बरं झालं. फोटो बघून मला कळलेलंच होतं. पण कळणं वेगळं आणि कोणी सांगणं वेगळं. मी रागावले नाही. रागवायला जी ताकद लागते ती संध्याकाळपर्यंत उरत नाही. गाळ्यातून आले, वरणभात लावला, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

आपल्या लग्नाचं कायद्याने जे काय करायचं ते आपण नंतर बघू. मी अडवणार नाही.

आज उत्तनला गेले तेव्हा मम्मी चर्चमधून, मिस्साहून आली नव्हती. पप्पा एकटेच ओटीवर बसलेले, गिटार मांडीवर. मी बसमध्ये ठरवलेलं बोलायला सुरुवात केली, की ट्रॉयचा काल फोन होता, खूप वाईट वाटत होतं त्याला, सुट्टीसाठी खूप प्रयत्न केला. पप्पा ऐकत राहिले. माझं संपलं तेव्हा म्हणाले,

‘त्याचा फोन न्हाय येत. माहीत हाय मला.’

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

‘माझा पोरगा कधी मला गोळ्या घेतल्या का विचारणार न्हाय. ते तुझं बोलणं हाय. आता नको आणू निरोप. दमलीस तू.’

मग मम्मीचं नाव घेऊन म्हणाले, रीटाला मी सांगतो, सुट्टी मिळाली नाही म्हणून. तेवढंच सांगतो.

तुझ्या नि मिशेलबद्दल मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आम्ही वाजवायला बसलो. मम्मी आली, तिने डोक्यावरचा रुमाल काढला आणि नेहमीसारखं विचारलं, ट्रॉयचा फोन? पप्पा म्हणाले, सुट्टी नाय मिळत त्याला. मम्मी म्हणाली, ‘अच्छा.’ आत गेली. नेहमी ती भांडी घासते तेव्हा बाहेरपर्यंत आवाज येतो. आज आला नाही.

नंतर बाहेर येऊन तिने विचारलं, मग हॉलमध्ये वाजवणार कोण? पप्पा म्हणाले, आम्ही. ती म्हणाली, दोन कॉर्डवर? पप्पा म्हणाले, ‘तुला झोप आली तर सांग.’

मला भीती वाटतेय. गाव येणार आहे. ते सगळे लग्नांमधलं तुझं वाजवणं आणि माझं गाणं ऐकलेले लोक आहेत. मी स्टेजवर बसणार आणि तोंड उघडणार नाही, हे त्यांना बघवेल का माहीत नाही. मला बघवेल का, तेही नाही.

ममता


मंगळवार, १३ जानेवारी

ट्रॉय,

झालं. परवा झालं. काल रजा घेऊन दिवसभर झोपले. आज लिहितेय, कारण प्रिन्सने तुला रेकॉर्डिंग पाठवलंय. त्याच्या मित्राने, जॉयने मोबाइलवर घेतलं होतं. पण रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही ते तुला कळायला हवं.

मम्मी लाल लुगड्यात होती, केसांत फुलं. पप्पांना सूट सैल झाला होता, मी मागून पिना लावल्या. चर्चमध्ये आशीर्वाद झाला, मग हॉल. जेवायला तळलेले फुगे, पोर्कचं सोरपोतेल, केक, सगळं. ट्रॉय कुठे, असं प्रत्येकाने विचारलं आणि मम्मीने प्रत्येकाला सांगितलं, सुट्टी न्हाय मिळाली. एकदाही खालच्या आवाजात सांगितलं नाही.

डीजे बंद केला. पप्पांना खुर्चीत बसवलं, मी पेटी घेऊन खाली, प्रिन्स मांडीत घुमट घेऊन बाजूला. पप्पांनी जाड तारेवर दबकं सुरू केलं. लोक बोलत होते, ताटं वाजत होती. आम्ही दोघं हात बांधून बसलो. चौथ्या रांगेतून कोणीतरी विचारलं, हे चालू झालं की ट्यूनिंग करतायत? प्रिन्सने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अजून नाही.

मग माझी तीन सुरांची ओळ. मग गप्प. पप्पांचं उत्तर. बोलणारे थोडे कमी झाले. मी ओळीचा शेवट बदलला. पप्पा बारीक तारांवर गेले. असं बरंच फिरवलं. घुमटावर पहिली थाप पडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. शेजारच्या उर्मिलाताईंची सून उभी राहिली, लाजून परत बसली. मी कोमल धैवत लावायला सुरुवात केली होती. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

आणि पप्पा खालच्या कॉर्डवर गेले ते परत वर आलेच नाहीत.

मला आधी वाटलं, नेहमीसारखा उशीर. एक फेरी गेली. दुसरी गेली. मी वर बघितलं तर त्यांच्या मनगटाची शीर ताठ झाली होती आणि दोन्ही बोटं तारेवर घट्ट बसली होती. हात आखडला होता. उजवा हात वाजवत होता, थांबत नव्हता, पण डावा त्यांचा राहिला नव्हता. कपाळावर घाम. प्रिन्सला कळलं, त्याने थाप अगदी बोटांवर आणली.

थांबता आलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, बिचारे म्हणाले असते. मला ते नको होतं. ती कॉर्ड अर्धी होती आणि उरलेला सूर माझ्याकडे होता. मी कोमल धैवत खूप वेळ लांबवला. मग सोडून दिला. पेटी नुसती मध्यमावर धरून ठेवली. मग शुद्ध धैवत लावला. परत कोमल. एकाच जागी उभं राहून जेवढं इकडे तिकडे बघता येतं तेवढं बघितलं. हॉल शांत होत गेला. लोकांना कॉर्ड कळत नाहीत, पण काहीतरी अडकलंय हे सगळ्यांना कळलं होतं. कोणाची तरी घरी परत यायची वेळ टळून गेली की जसं कळतं तसं.

पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते मम्मीकडे बघत होते.

मम्मी केकच्या टेबलापासून उठली. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी करत स्टेजवर आली. तिने वाकून त्यांचं मनगट धरलं आणि अंगठ्याखाली दाबलं, रोज सकाळी दाबते तसं. सगळा गाव समोर बसलेला. मूठ सैल व्हायला वेळ लागला. पप्पांचा उजवा हात तेवढ्यातही वाजवत होता. मग तिने त्यांची ती दोन बोटं आपल्या बोटांत धरली, उचलली आणि एक तार वर नेऊन ठेवली. सहा महिने बाजूला बसून सुकट निवडत तिने ते पाहिलं होतं. बरोबर तिथेच ठेवली.

पप्पांनी सगळ्या तारांवरून हात फिरवला.

ट्रॉय, ती साधी ई मायनर होती. शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात येते. पण आम्ही इतका वेळ तिच्या बाहेर उभे होतो की ती आली तेव्हा हॉलमधून आवाज निघाला. टाळ्या नाही, आवाज. प्रिन्सने दोन्ही हातांनी घुमट धरलं आणि लोक उठले. नाचले. प्लास्टिकच्या खुर्च्या मागे सारून नाचले.

मम्मी खाली उतरली नाही. तिथेच त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि पुढचं सगळं तिने वाजवलं असंच म्हण. तिला वाटेल तेव्हा ती त्यांची बोटं खाली न्यायची, तिला वाटेल तेव्हा वर. ताल वगैरे तिला काही नाही. आम्ही तिच्या मागे मागे गेलो. मध्ये एकदा तिने पप्पांना काहीतरी विचारलं आणि ते हसले. काय ते मला ऐकू आलं नाही.

नंतर फुगे वाढताना एकाही माणसाने मला गाण्याबद्दल विचारलं नाही. माझ्या ते घरी आल्यावर लक्षात आलं.

ममता


रविवार, ८ फेब्रुवारी

ट्रॉय,

तू पाठवलेलं ऐकलं. तू लिहिलंयस, रेकॉर्डिंग आवडलं म्हणून जरा रंगवलंय. वर तुझी गिटार घातलीयस, मिशेलने चार ओळी गायल्यायत, आणि मधला अडकलेला भाग कापून टाकलायस. आता टाइट झालंय, हॉटेलमध्ये रोज वाजवतो, लोकांना आवडतं.

चांगलं वाजवलंयस. खोटं कशाला लिहू? मिशेलचा आवाज स्वच्छ आहे. वरच्या जागा ती सहज घेते. मला त्रास झाला, पण तो माझा आहे.

आज उत्तनला नेऊन ऐकवलं. ऐकवणार नव्हते, पण प्रिन्सने आधीच सांगून ठेवलं होतं आणि मम्मी सकाळपासून वाट बघत होती. मोबाइल टेबलावर ठेवला. तुझी गिटार सुरू झाल्याबरोबर तिने पप्पांचा हात धरला. ‘हा ट्रॉय,’ म्हणाली. तोंडभर हसली. पप्पाही ऐकत होते, मान हलवत होते. मग गाणं आलं.

‘ही कोण?’ मम्मीने विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बसमध्ये काही ठरवून आले नव्हते. म्हटलं, ‘मिशेल. ट्रॉय तिच्याबरोबर राहतो. सुट्टी न मिळाल्याचं खरं होतं, पण हेही होतं.’ माझ्या घशातून येतो तेवढाच आवाज. पण घरात दुसरा आवाज नव्हता, तिला सगळं ऐकू आलं.

ती रडली नाही. मोबाइलमध्ये गाणं चालूच होतं. ती ते शेवटपर्यंत ऐकत राहिली, डोकं थोडं वाकडं करून, काहीतरी शोधत असल्यासारखी. संपल्यावर म्हणाली, परत लाव. परत लावलं. परत संपलं.

‘मी उठून आले ते ह्यात कुठे हाय?’

मी मोबाइल उलटा ठेवला. पप्पा म्हणाले, ‘काढलं त्याने.’

‘का?’

‘चूक वाटली त्याला.’

मम्मीने टेबलावरचे कप उचलले आणि आत नेले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा हात पुसत मला म्हणाली, ‘पुढल्या रविवारी जेवायला लवकर ये. उशीर करतेस, मग गार होतं.’ आणि पप्पांना म्हणाली, उठा, व्यायाम राहिलाय.

मी येणार आहे. लोकांना वाटेल ही कोण लागते आता यांची, पण मला येण्याचा कंटाळा नाही, एवढं मला माहीत आहे. ईस्टरनंतर प्रिन्सच्या शेजारी बारसं आहे, तिथे आम्हाला बोलावलंय. मम्मी म्हणते, स्टेजवर मला खुर्ची ठेवा, उभं राहवत नाही.

मी निघाले तेव्हा ती बसथांब्यापर्यंत आली. गुडघा दुखत असताना. बस येईपर्यंत काही बोलली नाही. बस दिसली तेव्हा म्हणाली, ‘त्याला लिही, फोन कर म्हणून. तुला न्हाय. मला.’

हा तिचा खरा निरोप आहे. तिने जसा दिला तसा लिहिला, माझं त्यात काही नाही. यापुढे मी तुझं त्यांना सांगणार नाही आणि त्यांचं तुला लिहिणार नाही. हे शेवटचं.

संध्याकाळी कर, रोझरीची प्रार्थना झाल्यावर. पप्पांना हातात फोन धरवत नाही, त्यामुळे तीच उचलेल. ती लगेच बोलणार नाही. तुला वाटेल लाइन कट झाली. नसेल झालेली. ती तिथेच असेल, कानाला लावून. ती बोलेपर्यंत फोन ठेवू नकोस.

ममता